पुस्तकाले मिशा असतात का?

रामटेके बाईंना राग आला की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत. समोरच्याचं तोंड धुरकट दिसलं म्हणजे बोलायला संकोच वाटत नाही, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. वाचनालयात नव्यानं आलेल्या माणसालाही लवकरच कळायचं की टेबलावर चष्मा दिसला तर जरा जपून बोलावं. बाई दर रविवारी सकाळी बालविभाग उघडत, आणि बहुतेक रविवारी तो चष्मा नाकापेक्षा टेबलावरच जास्त असे. कारण दर रविवारी कोणाची तरी आई, नाही तर बाप, नाही तर हौशी काका दारातूनच विचारायचा, "मॅडम, मुलींची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत?"

चष्मा टेबलावर. मग बाई शांतपणे विचारायच्या, "पुस्तकाले मिशा असतात का?"

विचारणारा हसायचा. बाई हसत नसत. त्या उत्तराची वाट बघत बसत आणि मग तो माणूस कानकोंडा होऊन पंख्याकडे बघायला लागे.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि आमचं ऑफिस कपाटं, फायली आणि कारकुनांसकट भोपाळहून इथं येऊन पडलं, त्या वेळची ही गोष्ट. बूढापाऱ्यात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आणि घरापासून जवळच हे वाचनालय सापडलं. विदर्भातून रेल्वेत आणि सरकारी नोकऱ्यांत आलेल्या मराठी घरांनी ते कधीकाळी उभं केलं होतं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याविषयी पुढं वाईट लिहिणार आहे ती मंडळी धडधाकट आहेत आणि सत्कार अजून स्वीकारतात.

बाई मूळच्या गोंदियाच्या. रेल्वेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली होती. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, असा त्यांचा वेश. बुटांना कोणी हसलं तर त्या म्हणायच्या की पाय माझे दुखतात, डोळे तुमचे काहून दुखून राहिले? हातातल्या पिशवीत फुटाण्याची पुडी, डिंकाची बाटली, कात्री आणि खाकी कागदाची गुंडाळी. ही गुंडाळी म्हणजे बाईंचं शस्त्र होतं. बालविभागातल्या एकूण एक पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं. मुखपृष्ठावरचं चित्र कोणाला दिसायचं नाही. दिसायचं ते फक्त कण्यावर काळ्या शाईनं लिहिलेलं नाव. एवढी सुंदर रंगीत पुस्तकं का झाकून टाकता, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"चित्र पाहूनच पळतात ना," त्या म्हणाल्या. "गुलाबी दिसलं की पोट्टा पळते. तोफ दिसली की पोट्टीची माय तिले मागं ओढते. आत काय लिहून आहे, ते पाहातच नाही कोनी."

त्यांचा दुसरा नियम पहिल्या पानाचा. बालविभागात आलेल्या मुलानं कुठलंही पुस्तक उचलावं, सतरंजीवर बसावं आणि पहिलं पान वाचावं. पान उलटावंसं वाटलं तर पुस्तक घरी न्यायचं. नाही वाटलं तर मुकाट्यानं परत ठेवायचं, आणि त्यात लाजायचं काही कारण नाही. आईबापांना सतरंजीवर प्रवेश नव्हता. माझी मुलगी केतकी तेव्हा तिसरीत होती. तिच्यासाठी काहीतरी चांगलं द्या, असं मी म्हणालो, तर बाईंनी मलाच विचारलं की वाचणार कोण, तुम्ही की ती? मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं. बऱ्याच वेळानं केतकी बाहेर आली ती सापांचं पुस्तक छातीशी धरून. महिनाभर आमच्या जेवणात घोणस, मण्यार आणि फुरशाशिवाय दुसरा विषय नव्हता.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना ही गोष्ट फार लागली. त्या बाईंकडे गेल्या आणि मुलीच्या जातीला असलं काही वाचायला देऊ नये, मन कठोर होतं, असं सांगून आल्या. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं की साप चावायच्या आधी मुलगा का मुलगी ते पाहून घेतो का? काकूंनी आमच्याशी बोलणं टाकलं. तेवढाच घराला आराम मिळाला.

पण बाईंची खरी लढाई झाली ती सोनूवरून.

सोनू बोरकर शहराच्या टोकाच्या भनपुरीचा. त्याच्या वडिलांचं तिथं ट्रकच्या टायरांचं दुकान होतं. ते दर रविवारी बायकोला तिच्या आईकडे बूढापाऱ्यात सोडत आणि तिथं अडचण होणाऱ्या सोनूला वाचनालयात. सोनूला घरातलं मराठी कळायचं, पण उत्तर हिंदीतच द्यायचा. आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांचं आवडतं दुःख हेच होतं. अध्यक्ष निवृत्त अधिकारी, बोलणं एकदम पुस्तकी. नवी पिढी मराठी वाचत नाही हो, असं ते प्रत्येक भाषणात म्हणत आणि मग रुमालानं कपाळ टिपत.

तर या सोनूनं एका रविवारी खाकी कव्हरातलं एक पुस्तक उचललं, पहिलं पान वाचलं आणि दुसरं उलटलं. तीन मावश्यांच्या घरी राहायला आलेल्या एका मुलीची ती चार भागांची गोष्ट होती. एक मावशी लोणची घालायची, एक दिवसभर रेडिओ उघडून दुरुस्त करायची आणि एक कोणाशीच बोलायची नाही. सोनू त्यात असा बुडाला की त्याचे वडील हाका मारून थकले. पुढच्या रविवारी तो बाईंपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, 'फडताळ' माने क्या?" बाईंनी कपाट दाखवलं. मग 'हिरमुसली' म्हणजे काय, मग 'मुरंबा'. त्या गोष्टीसाठी तो पोरगा मराठी शिकत होता. कोणी भाषण न देता.

दुसरा भाग घरी गेला तेव्हा भानगड झाली. सोनू पुस्तक दुकानात घेऊन बसला होता. एका ड्रायव्हरनं गमतीत कव्हर सरकवून पाहिलं, तर आत दोन वेण्या आणि रिबिनी लावलेली मुलगी. दुकानभर हशा झाला. त्यांनी सोनूला दीदी म्हणायला सुरुवात केली, आणि रविवारी बोरकर पुस्तक घेऊन तावातावानं वाचनालयात आले. त्या दिवशी मी बाकावर होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोरचं.

"मॅडम, पोट्ट्याले पोरीचे पुस्तक देऊन राहिल्या तुम्ही," ते म्हणाले. "मले दुकानात तोंड दाखवा लागते."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता मिशा येणार. पण बोरकरांना स्वतःलाच भरघोस मिशा होत्या, आणि बाईंनी त्यांना नुसतं सतरंजीकडे बोट दाखवलं. इथं पहिलं पान वाचल्याशिवाय कोणी पुस्तकाबद्दल बोलत नाही, असा नियम आहे म्हणाल्या. नियम मुलांसाठी होता, पण त्यांचा आवाज पुढ्यातल्या माणसाला इयत्ता तिसरीत बसवणारा होता. बोरकर बूट काढून बसले. मराठी वाचणं सुटून वर्षं झाली असावीत. ओठ हलवत हलवत त्यांनी ते पान वाचलं. लोणच्याची बरणी फुटते तिथं ते फस्सकन हसले आणि हसलो म्हणून आणखी चिडले.

उठताना ते हळू आवाजात म्हणाले, "घर में पढ़ ले। दुकान में मत लाना।" आणि पुस्तक त्यांनी सोनूच्या हातात परत दिलं.

मला वाटलं बाई जिंकल्या. मी तसं म्हणालो, तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या. आम्ही तलावाच्या कडेनं घराकडे निघालो होतो. "जिंकली कुठं?" त्या म्हणाल्या. "घरात वाच, दुकानात नको. म्हणजे चोरून वाच. मी जलमभर हेच तर केलं."

मग त्यांनी गोंदियाची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी शाळेत पुस्तकांच्या दोन पेट्या होत्या. मुलींच्या पेटीत विणकाम, पाककृती आणि नवऱ्यासाठी सोसणाऱ्या बायकांच्या कथा. मुलांच्या पेटीत समुद्र, जंगलं, तारे आणि इंजिनं. मुलीनं मुलांच्या पेटीतलं मागितलं तर गुरुजी वर्गाला हसायला सांगत. बाईंचा मोठा भाऊ वाचनाला कंटाळलेला. तो स्वतःच्या नावावर पुस्तक घ्यायचा आणि बाई परकराच्या घोळात लपवून ते घरी न्यायच्या. त्याबदल्यात त्याची सायकल पुसून द्यायची, असा करार होता. गोष्ट तो बाईंकडूनच ऐकून घेई आणि गुरुजींनी विचारलं की घडाघडा सांगे. वर्षाच्या शेवटी शाळेत सगळ्यात जास्त वाचणारा विद्यार्थी म्हणून हारतुरे त्याच्या गळ्यात पडले. मुलींच्या रांगेत बसून बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"वाजवा लागल्या," त्या म्हणाल्या. "आजही कोनी टाळ्या वाजवा म्हटलं ना, मले त्या सायकलीच्या ग्रीसचा वास येते."

त्यांच्या रागाचं मूळ मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर त्या कोणावर ओरडल्या तर मला ते जास्त वाटलं नाही. उलट कमीच वाटायला लागलं.

गणेशोत्सवात वाचनालय मुलांच्या स्पर्धा घेई आणि बक्षीस म्हणून पुस्तकं देई. रीत अशी की मंचावर दोन टेबलं लागत. एकावर गुलाबी कागदात बांधलेली मुलींची बक्षिसं, दुसऱ्यावर निळ्या कागदात मुलांची. चित्रकलेत पहिली आलेल्या मुलीला रांगोळीचे नमुने आणि धावण्यात पहिली आलेल्या मुलीलाही रांगोळीचे नमुने. त्या वर्षी पुस्तकं बांधायचं काम अध्यक्षांनी बाईंवर सोपवलं. ही चूक आमच्याच अध्यक्षांकडून होऊ शकत होती. खाकी कागदाच्या गुंडाळीची बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि तिच्याच हाती त्यांनी बक्षिसं दिली.

बाईंनी सगळी पुस्तकं खाकीत बांधली आणि दोन्ही टेबलांवर सरमिसळ करून लावली. पाहुणे कोणी मोठे साहेब होते. ते हसतमुखानं वाटत गेले आणि मुलं मंचावरून उतरताना कागद फाडत गेली. एका मुलीला विजेच्या मोटारीचे प्रयोग मिळाले. कबड्डीच्या कप्तानाला कशिदाकाम. मंडपात कुजबुज, मग हशा, मग आयांचे चढे आवाज. बाईंनी माइक घेतला आणि शांतपणे सांगितलं की पहिलं पान वाचा, नाही आवडलं तर आपसात बदला. मुलं तिथंच मांडी घालून वाचायला बसली. काहींनी बदललं, पुष्कळांनी नाही. कबड्डीचा कप्तान साखळी टाक्याचं चित्र बोटानं गिरवत होता.

मग मोठी माणसं उठली. मी डोळ्यांनी पाहिलंय. एका आईनं मुलीच्या हातातलं मोटारीचं पुस्तक ओढून घेतलं आणि कप्तानाच्या मांडीवर टाकलं. त्याचं कशिद्याचं उचलून मुलीला दिलं. दोघांनाही विचारलं नाही. ती मुलगी रडली नाही की काही बोलली नाही. ती सवयीनं गप्प बसली. तो गप्पपणा आठवला की आजही माझं डोकं तापतं. लेकरांच्या हातातला घास काढून घेतला तर आपण त्या माणसाला काय म्हणू? पण पुस्तक ओढून घेतलं तर त्याला वळण लावणं म्हणतात.

आठवडाभरात कार्यकारिणीची बैठक झाली. तोवर मीही तिचा सभासद झालो होतो. बाईंनी संस्थेची शोभा केली, असा एकंदर सूर. त्याच बैठकीत अध्यक्षांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं की सदर बाजारातल्या एका सराफानं बालविभागासाठी नवी कपाटं देऊ केली आहेत, आता राजधानीला साजेसं काहीतरी करायचं. बाई म्हणाल्या, कपाटं घ्या, चांगलं आहे. कपाटं आली तेव्हा एक गुलाबी होतं आणि त्यावर सोनेरी मुकुट, नाव 'परीराणी'. दुसरं निळं, त्यावर तलवार, नाव 'शूरवीर'. आणि पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी स्वतः लिहिलेली नियमावली वाचून दाखवली. मुलींना गुलाबी कार्ड, मुलांना निळं, आणि ज्या रंगाचं कार्ड त्याच रंगाच्या कपाटातलं पुस्तक. यानं शिस्त येईल आणि निवडायला सोपं जाईल, असं त्यांचं म्हणणं. खाकी कव्हरं दळभद्री दिसतात म्हणून फाडून टाकायचं ठरलं.

बाईंनी चष्मा काढला नाही. तो डोळ्यांवर ठेवून त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या. मी विरोधात बोललो, पण माझ्या बाजूला कोणी नव्हतं.

"सोनू बोरकरचा तिसरा भाग कोणत्या कपाटात गेला?" त्यांनी एवढंच विचारलं.

अध्यक्षांनी नियमावली चाळली. "मुलीची कथा आहे. परीराणीत."

"तो मराठी वाचून राहिला होता, साहेब. तुम्ही ज्याच्यासाठी रडता ना, तो हाच पोट्टा."

अध्यक्ष म्हणाले की एका मुलासाठी नियम मोडता येत नाही. बाईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कॅनव्हासचे बूट घालून निघून गेल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

साप निळ्या कपाटात गेले म्हणताच केतकीनं गुलाबी कार्ड घ्यायला साफ नकार दिला, आणि आम्ही तिचं नाव काढून घेतलं. सोनू मात्र येत राहिला. गुलाबी कपाटाच्या काचेपाशी उभा राही. आत तिसरा भाग दिसायचा, खाकी फाडलेला, रिबिनीवाली मुलगी बाहेर बघत असलेली. काउंटरवर नेमलेली तरुण मुलगी स्वभावानं चांगली होती, पण नोकरीचा प्रश्न होता. भैया, तुम्हारा कार्ड नीला है, असं ती दर वेळी सांगे. तो निळ्या कपाटातलं काही न घेता परत जाई.

बाई पुढं लवकरच लेकाकडे नागपूरला राहायला गेल्या आणि त्यांची माझी भेट राहिली ती राहिलीच. त्यांना शेवटचं पाहिलं ते जाण्याआधी, त्याच वाचनालयात. मोठ्यांच्या विभागातली माझी पुस्तकं बदलायला मी गेलो होतो आणि बालविभागाच्या काउंटरशी पांढरे बूट दिसले. बाईंच्या हातात गुलाबी कार्ड होतं. अध्यक्षांच्या त्या सजवलेल्या नियमावलीत मुलींसाठी गुलाबी कार्ड, एवढंच लिहिलं होतं. वय घालायचं राहून गेलं होतं. बाईंनी रीतसर सभासद होऊन कार्ड घेतलं होतं.

"आजी, नातीसाठी का?" त्या मुलीनं विचारलं.

बाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "नाही. माझ्यासाठी. मुलगीच हाव ना मी?"

मुलीनं निमूटपणे मावश्यांचा तिसरा भाग त्यांच्या नावावर लिहून दिला. बाई चष्मा हातात घेऊन बाहेर पडल्या, आणि मी माझी पुस्तकं तशीच ठेवून त्यांच्या मागं गेलो. गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसाच्या गाडीपाशी सोनू उभा होता. त्या दिवशी तो एकटाच ऑटोनं आला होता आणि ऑटोनंच दुकानावर जायचा होता. बाईंनी पुस्तक त्याला दिलं. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि ते झटकन शर्टाच्या आत सारलं.

बाईंचा चेहरा एकदम बदलला. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि तो त्या पोरावर नव्हता.

"बाहेर काढ," त्या म्हणाल्या.

"मॅडम, भनपुरी तक सब देखेंगे। पापा के दुकान में भी।"

"पाहू दे. मी तुह्यायेवढी होती तवा परकरात लपवून नेत होती. माह्या नावावर नव्हतं ना पुस्तक, म्हणून. हे माह्या नावावर आहे. मी देऊन राहिली तुले. बाहेर काढ आन् हातात धर."

सोनूचे कान लाल झाले होते. मग त्यानं शर्टाचं बटण काढून पुस्तक बाहेर घेतलं. रिबिनीवाली मुलगी भर रस्त्यात आली. रसवाल्यानं बघितलं, दोन पोरांनी बघितलं, एक जण हसलाही. सोनू ऑटोत कडेला बसला आणि त्यानं पुस्तक मांडीवर ठेवलं. आधी ते उलटं ठेवलं होतं. ऑटो सुरू झाल्यावर त्यानं ते सुलटं केलं आणि पहिलं पान उघडलं.

बाईंनी चष्मा पदराला पुसून डोळ्यांवर चढवला. ऑटो सदर बाजाराच्या गर्दीत वळेपर्यंत त्या मान उंच करून बघत होत्या. त्यानं पान उलटलं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, हो, उलटलं.